बोर्डाचा भाव, बांधावरचा भाव

एम.ए. अर्थशास्त्राच्या डिझर्टेशनला विषय काय घेतलास, असं कोणी विचारलं की मी "केळी" एवढंच सांगायचे. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात तेवढं पुरतं. मग समोरचा एक तर "त्यात काय लिहायचंय?" म्हणतो, नाहीतर "लिही बई, व्यापारी कसे लुटतात ते चांगलं मीठमसाला लावून लिही" म्हणतो.

मंजूर झालेलं शीर्षक दोन ओळींचं आहे आणि त्यात 'विशेष संदर्भासह' आहेच, त्याशिवाय विषय मंजूर होत नसावा. मूळ प्रश्न मात्र एका दमात सांगता येतो. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या लिलावात केळीचा भाव हलला, की आमच्याकडच्या बागेत शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव किती हलतो आणि किती दिवसांनी? आणि "मंदी त्याच दिवशी येते, तेजी पायी चालत येते" हे जे प्रत्येक ओट्यावर ऐकू येतं, ते आकड्यांत दिसतं का?

खान्देशाबाहेरच्यांसाठी थोडं. केळी कांद्यासारखी नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, भाव पटला नाही तर आठ दिवस थांबता येतं. केळीचा घड भरला की तो कोणासाठी थांबत नाही. आणि माल घेऊन आपण बाजारात जात नाही, बाजारच बागेत येतो. व्यापाऱ्याची टोळी येते, घड कापते, गाडी भरते, काट्यावर वजन होतं आणि हिशेब त्या दिवशीच्या बोर्डावरून सुरू होतो. बोर्ड म्हणजे जाहीर भाव. नवतीचा वेगळा, पिलबागेचा वेगळा, वापसीचा सगळ्यात खाली. नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल, पिलबाग म्हणजे त्याच बुंध्याच्या पिलावर आलेला, आणि वापसी म्हणजे व्यापाऱ्यानं नाक मुरडलेला. हिशेब बोर्डावरून 'सुरू होतो' असं मुद्दाम लिहिलं. बोर्ड बाराशे आणि हातात पण बाराशेच, असं झालं तर आमच्याकडे पेढे वाटतील.

आमच्या भागात डिझर्टेशनची एक मळलेली वाट आहे. शंभर प्रश्नावल्या, टक्केवारीचे तक्ते, रंगीत पाय चार्ट, एखादी काय-स्क्वेअर चाचणी, पाच प्रकरणं आणि शेवटी शिफारशी, त्यात "शासनाने हमीभाव द्यावा" हे ठरलेलं. मी या वाटेला नावं ठेवणार नाही. प्रश्नावली घेऊन उन्हात गावोगाव फिरणं हे मोबाइलवर जागतिक बँकेचा डेटा उतरवून घेण्यापेक्षा कितीतरी जास्त कष्टाचं काम आहे. पण "व्यापारी बोर्डापेक्षा कमी भाव देतात असं आपणास वाटते काय?" या प्रश्नाला रावेर-यावल पट्ट्यात 'नाही' म्हणणारा माणूस सापडणं अवघड. माझ्या गाईड सरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "शेतकऱ्याला काय वाटतं ते मोजायचंय, की त्याला काय मिळालं ते?" पुढचं सगळं काम या प्रश्नातून निघालं.

वाचनात दोन अभ्यासांनी मला धरून ठेवलं. एक रॉबर्ट जेन्सन यांचा, २००७ सालचा, केरळच्या मच्छीमारांवरचा. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्यानं मोबाइल आला. त्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारली मासळी फेकून द्यायची आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरावर माल कमी पडायचा. मोबाइल आल्यावर होडीतूनच फोन करून भाव विचारता येऊ लागला. बंदराबंदरांतला भावाचा फरक जवळजवळ मिटला, सरासरी ५ ते ८ टक्के मासळी वाया जायची ती थांबली, मच्छीमारांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. अर्थशास्त्रात असे सगळ्यांचंच भलं करणारे निष्कर्ष फार थोडे असतात, म्हणून हा पेपर जगभर शिकवला जातो.

दुसरा आपल्याच राज्यातला. मार्सेल फाफशाम्प आणि बार्ट मिंटन यांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत प्रयोग केला. काही गावांतल्या शेतकऱ्यांना एसएमएसवर बाजारभाव आणि हवामान कळवायचं, काहींना नाही. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आला: शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात दखल घ्यावी असा फरक नाही. हा पेपर मी सावद्याहून येताना एसटीत वाचला आणि एकटीच हसले. आमच्या गावात भाव माहीत नाही असं कोणी आहे का? संध्याकाळी बोर्डाचा मेसेज येतो आणि दूध घालायला गेलेल्या माणसाच्याही तो तोंडात असतो. माहिती आहे. अडचण अशी की मासेवाल्याची होडी दुसऱ्या बंदराकडे वळते, केळीची बाग बऱ्हाणपूरकडे वळत नाही.

तर मला दोन रकाने हवे होते. एकात बोर्डाचा किंवा लिलावाचा भाव, दुसऱ्यात बांधावर प्रत्यक्ष मिळालेला. पहिला सोपा वाटत होता. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल आणि मोडल (ज्या भावानं सगळ्यात जास्त माल विकला गेला तो) असे तीन भाव मिळतात. पण जो माल बागेतच विकला जातो तो आवारात येतच नाही, त्यामुळे आपल्याकडच्या केळीच्या बाबतीत त्या आकड्याला कितपत धरून चालायचं, हा प्रश्न उरतो. म्हणून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे जुने मेसेज काढले. ते टाइप करणारे दादा भाव देवनागरी अंकांत लिहितात. आर या सॉफ्टवेअरला '१२५०' हा आकडा वाटतच नाही, तो मजकूर वाटतो. त्यात घाईघाईत कधी शून्याच्या जागी इंग्रजी ओ. ते एकेक वेचून काढताना डोळे गेले, पण त्या निमित्तानं प्रत्येक ओळ नजरेखालून गेली, आणि हे फायद्याचं ठरलं. रिग्रेशनला, म्हणजे एका आकड्याचा दुसऱ्याशी संबंध मोजणाऱ्या गणिताला, संगणक डोळ्याची पापणी लवेपर्यंतच घेतो. बाकी सगळे महिने हेच काम.

दुसऱ्या रकान्यासाठी पावत्या. आमच्याकडे बऱ्याच घरांत भिंतीला एक आकडा केलेली तार असते, तिच्यात विजेच्या बिलापासून खतांच्या बिलापर्यंत सगळं खोचलेलं. नात्यातल्या एका आबांनी अख्खी तारच काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "घे, काय पाह्यचं ते पाह्य." काट्याच्या पावतीवर भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, गाडी नंबर, वेळ. मागच्या बाजूला बॉलपेननं भाव, कपात आणि गुणाकार, बहुतेक वेळा तिथेच गाडीच्या बॉनेटवर टेकवून केलेला, कारण अक्षर उताराला लागलेलं असतं. जुन्या कार्बनच्या निळ्या प्रती आजही स्वच्छ वाचता येतात. नव्या, मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या मात्र आमच्या मे महिन्यात पत्र्याखाली राहिल्या की कोऱ्या होतात. अक्षर जातं, बॉलपेनचा भाव तेवढा उरतो. वजन नाही, भाव आहे. अशा ओळी मी वेगळ्या रंगानं ठेवल्या, टाकल्या नाहीत.

लोकांनी पावत्या दिल्या त्या माझ्या संशोधनासाठी नव्हे, अमक्याची पोरगी म्हणून. एका काकूंनी चहा देता देता विचारलं, "हे इन्कम टॅक्सवाल्याले तं नाही दाखवणार ना तू?" त्यामुळे फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून नावाच्या जागी क्रमांक आहेत आणि गावाच्या जागी फक्त तालुका.

आता श्रावणाची गोष्ट, कारण मला सगळ्यात जास्त मजा तिथे आली. आपली केळी मोठ्या प्रमाणात दिल्लीकडे, उत्तरेकडे जाते. उपासाच्या दिवसांत आणि रमजानमध्ये मागणी वाढते. पुस्तकात हंगामासाठी महिन्यांचे डमी टाका म्हणतात, जानेवारी ते डिसेंबर, म्हणजे तो महिना असेल तर १, नसेल तर ०. पण रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२२ मध्ये तो ३ एप्रिलला सुरू झाला, २०२४ मध्ये १२ मार्चला. म्हणजे माझ्या डेटातला 'एप्रिल' दर वर्षी वेगळा एप्रिल. आणि श्रावण? आपला श्रावण अमावास्येनंतर लागतो, उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर बदलतो, म्हणून त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस. दिल्लीचं गिऱ्हाईक कोणत्या श्रावणात केळी खाणार, हे उघड आहे. त्यात २०२३ ला अधिक श्रावण आला. आपल्याकडे १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक आणि मग निज, उत्तरेत मात्र ४ जुलै ते ३१ ऑगस्ट असा सलग लांबलचक सावन. मी पंचांग उघडून बसले होते तेव्हा आई म्हणाली, "अर्थशास्त्र शिकून राहिली का भिक्षुकी?" शेवटी इंग्रजी महिन्यांचे डमी काढून उत्तरेच्या पंचांगाप्रमाणे श्रावण, नवरात्र आणि रमजान असे स्वतंत्र चल, म्हणजे मॉडेलमधले घटक, टाकले. मॉडेल ताबडतोब माणसात आलं. पंचांग कळणाऱ्या माणसाला इकॉनोमेट्रिक्समध्ये थोडा जास्तीचा पगार द्यायला हवा, असं माझं मत आहे.

टाइम सिरीजच्या बाकी भानगडी थोडक्यात उरकते. काळाबरोबर नुसत्या भरकटत जाणाऱ्या दोन मालिका एकमेकांवर टाकल्या की आर-स्क्वेअर (नातं किती घट्ट, ते सांगणारा आकडा) झकास येतो आणि त्याला काही अर्थ नसतो. माझ्या भाच्याची उंची आणि केळीचा भाव यांचंही उत्तम नातं सिद्ध करता येईल. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी हे १९७४ मध्येच दाखवलं होतं. म्हणून आधी मालिका अशी भरकटतेय का ते सांगणारी डिकी-फुलर चाचणी, मग एंगल-ग्रेंजर पद्धतीनं दोन भाव दीर्घकाळात एकत्र चालतात का ते पाहणं, आणि चालत असतील तर एरर करेक्शन मॉडेल, म्हणजे दोघांत अंतर पडलं की ते किती वेगानं भरून निघतं याचं मोजमाप. एंगल आणि ग्रेंजर यांना २००३ चं नोबेल मिळालं, त्यातला ग्रेंजर यांचा वाटा या एकत्र चालण्याच्या कल्पनेसाठी होता. बोर्ड आणि बांध एकत्र चालतात, यात शंका राहिली नाही. रोजच्या आकड्यांत सुट्ट्या आणि तोच-तोच भाव फार असल्यामुळे मी आठवड्याची सरासरी घेतली. मधले कोरे आठवडे सॉफ्टवेअर सरळ रेषेनं जोडून देतं, ते मी करू दिलं नाही. का, ते पुढे येतं.

आधी प्रतवारीबद्दल. बांधावरचा भाव मालाच्या प्रतीवर अवलंबून असतो, म्हणून मॉडेलमध्ये प्रत 'कंट्रोल' करायची, म्हणजे तिचा परिणाम वेगळा काढून ठेवायचा: नवती, पिलबाग, वापसी. कोणीही हेच सांगेल. केलं. आणि बोर्ड व बांध यांच्यातलं अंतर एकदम लहान झालं, जणू सगळं न्याय्यच चाललंय. हा तक्ता घेऊन मी आबांकडे गेले. ते चष्मा न लावताच म्हणाले, "बोर्ड पडला की माझी नवती वापसी होते. चढला की वापसीची नवती होते. घड तोच अस्ते."

हे ऐकून मी अक्षरशः वही मिटली. भाव पडला की व्यापारी कमी भाव देतो असं नाही, तो प्रत खाली लावतो. "घड बारीक आहे", "डाग आहे", "माल पुढे चालत नाही". कागदोपत्री वापसीला वापसीचा भाव मिळाला, सगळं नियमात. म्हणजे प्रत हे भावाचं कारण नाही, प्रत हाच भाव पाडायचा रस्ता आहे. तो चल कंट्रोल केला की जे मोजायचंय तेच पुसलं जातं. अशा चलाला पाठ्यपुस्तकात 'बॅड कंट्रोल' म्हणतात आणि तिथे त्याचं उदाहरण शिक्षण, नोकरी आणि पगार असं असतं. मला ते परीक्षेपुरतं पाठ होतं. कळलं ते आबांच्या ओट्यावर. मग मी प्रतीऐवजी लागवडीची तारीख, टिश्यूकल्चर रोप की कंद, आणि कितवी कापणी एवढंच घेतलं, म्हणजे टोळी बागेत यायच्या आधी जे ठरलेलं असतं ते. अंतर पुन्हा मोठं झालं. प्रत कंट्रोल केलेला तक्ता काढून टाकला नाही, शेजारीच छापला.

आणि कोरे आठवडे. पडत्या भावाच्या आठवड्यांतल्या माझ्याकडच्या पावत्या बऱ्यापैकी चांगला भाव दाखवत होत्या. वाईट काळ, पण सरासरी ठीक. असं कसं? पावत्या मोजल्या तेव्हा लक्षात आलं की त्या आठवड्यांत पावत्याच कमी आहेत. भाव फार पडला की व्यापारी कापणीला येतच नाही. आला तर रस्त्यालगतची, उत्तम भरलेली बाग कापून जातो. बाकीच्यांचा माल झाडावर पिकतो, मग गुरांपुढे टाकतात नाहीतर बांधावर फेकतात. ज्या दिवशी माल कापला गेला नाही त्या दिवसाची पावती कुठल्याच तारेला नसते. त्या शेतकऱ्याला मिळालेला भाव खरं तर शून्य, आणि माझ्या फाइलमध्ये तो शून्य म्हणूनही नाही, तो नाहीच. सॉफ्टवेअरला कोरी जागा सरळ रेषेनं जोडू दिली असती तर त्यानं आधीचा बरा भाव आणि नंतरचा बरा भाव यांच्यामधून एक छान पूल बांधला असता, आणि खाली वाहून गेलेला माल दिसलाच नसता.

यावर पुस्तकी इलाज आहे, जेम्स हेकमन यांचा, १९७९ सालचा, त्यांनाही २००० साली नोबेल मिळालं. पण त्याला एक अट आहे. कापणी होणार की नाही यावर परिणाम करणारी आणि भावावर न करणारी अशी एक गोष्ट हवी. मला वाटलं, बागेपासून डांबरी रस्त्याचं अंतर. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते, म्हणून टोळी आतल्या बागेत येत नाही. सरांनी विचारलं, "आणि आली तर रस्त्यालगतच्या बागेइतकाच भाव देते?" नाही देत, "गाडी काढायला ट्रॅक्टर लागला" म्हणून त्याचे पैसे कापते. संपलं. हेकमन बाजूला ठेवला.

त्याऐवजी साधं काम केलं. लागवडीची तारीख बहुतेकांना ठाऊक असते, रोपांचं बिल असतं, फळपीक विम्याचे कागद असतात. त्यावरून बाग कधी कापणीला यायला हवी याचा अंदाज बांधला आणि प्रत्यक्ष पहिली कापणी कधी झाली ते विचारून घेतलं. मग पाहिलं की बोर्ड पडत असताना तयार बागेची कापणी होण्याची शक्यता कमी होते का. होते, आणि हा माझ्या सगळ्या तक्त्यांतला सगळ्यात ठाम निकाल आहे. उलट, जो मूळ प्रश्न होता, तेजी उशिरा आणि मंदी लवकर, त्यात फरक अपेक्षित दिशेनंच दिसला, पण विश्वास-अंतर (खरा आकडा ज्या टप्प्यात असू शकतो तो) एवढं रुंद की शून्य त्यात ऐसपैस बसत होतं. तसंच लिहिलं. चल बदलून-बदलून तारांकित आकडा (ठाम निकालापुढे तक्त्यात तारे लावतात, तसला) काढता आला असता. दोन स्टार मिळवायचे शॉर्टकट वर्गात सगळ्यांनाच माहीत असतात.

आबांना सांगितलं, तेजी पायी येते हे काही सिद्ध झालं नाही. ते म्हणाले, "मग तुझं मशीन बिघडलं." कापणीचा निकाल सांगितला तर म्हणाले, "हे सांगाले दोन वर्षं शिकली?" दोन्ही प्रतिक्रिया मला रास्त वाटतात.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी शिफारशींचं प्रकरण उघडलं आणि विचारलं, एकच शिफारस? हो. बाजार समितीनं जाहीर भावासोबत त्या दिवशी किती गाड्या भरल्या तेही जाहीर करावं. बाराशे भाव आणि मोजक्या गाड्या, हा बाराशे वेगळा. मॅडमनी विचारलं, गाड्यांचा आकडा खरा कोण सांगेल? माझं उत्तर होतं, वजनकाटा. प्रत्येक गाडीची तिथे नोंद होते, ती कोणी एकत्र करत नाही एवढंच. त्यांनी समासात काहीतरी लिहिलं आणि पुढचं पान उलटलं.

यंदा चोपड्याची एक ज्युनिअर कापसावर करतेय. तिला मी कोड आणि पंचांगाची फाइल दिली आहे, पण कापसाला श्रावणाचा काही उपयोग नाही. तिची अडचण निराळी. आमच्याकडे कापूस खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतात त्यात, घरूनच जातो, आणि बाजारात गेलाच तर कोणाच्या नावावर गेला हा प्रश्न. हमीभाव केंद्रावरच्या यादीतला शेतकरी आणि कापूस पिकवणारा शेतकरी एकच आहे का, हे आधी बघ म्हटलं. ती सध्या सातबारे गोळा करत फिरतेय.